शेडिंगमध्ये पट्टे का उमटतात?

प्रश्न : सांगलीत एका टॅटू स्टुडिओत आठ महिने शिकतोय. नावं, मंत्र, त्रिशूळ, पिसं अशी लायनिंगची कामं आता जमतात. अडतंय ते ब्लॅक अँड ग्रे शेडिंगला, म्हणजे नुसत्या काळ्या शाईच्या छटांच्या कामाला. सिलिकॉनच्या प्रॅक्टिस स्किनवर छान दिसतं, पण दोन मित्रांच्या हातावर केलं तेव्हा ग्रेमध्ये पट्टे पट्टे उमटले. ते घालवायला पुन्हा पुन्हा फिरवलं, तर एका जागी कातडी चकचकीत झाली आणि महिना उलटला तरी तिथे हाताला उंचवटा लागतो. जिथे फिका ग्रे दिला होता तिथे मात्र आता काहीच उरलेलं नाही. ग्रे वॉश मी स्वतःच बनवतो, काळ्या शाईत आरओचं पाणी घालून. नीडल 7 चा मॅग, म्हणजे सात सुयांची चपटी नीडल. मशीन 4 मिलिमीटर स्ट्रोकचं पेन, म्हणजे सुई एका ठोक्यात तेवढी पुढे-मागे जाते. मशीन बदलू का? आणि एका मित्राला 19 फेब्रुवारीच्या आत दंडावर महाराजांचं पोर्ट्रेट हवंय. घेऊ का?

उत्तर : सगळ्यात आधी आरओचं पाणी बंद करा. पट्ट्यांचं नंतर बघू, हे आज करा.

आरओमुळे पाण्यातले क्षार कमी होतात, ते पाणी निर्जंतुक होत नाही. शिवाय टाकीत आणि नळीत साठून राहिलेल्या पाण्यात जंतू वाढतात. तेच पाणी शाईत मिसळून तुम्ही सुईने थेट कातडीच्या आत सोडता आहात. डिस्टिल्ड वॉटरही चालत नाही, हे अनेक अनुभवी मंडळींनाही ठाऊक नसतं. 2011 साली अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टर भागात 19 जणांच्या टॅटूवर लालसर पुरळ उठलं आणि ते जाईना. तपास केला तेव्हा मायकोबॅक्टेरियम चेलोनी हा पाण्यात आणि मातीत आढळणारा जंतू सापडला. मूळ होतं तयार मिळणाऱ्या ग्रे शाईत, जी पातळ करायला डिस्टिल्ड वॉटर वापरलं होतं. अशा संसर्गाला अँटिबायोटिक दीर्घकाळ घ्यावी लागतात.

आपल्याकडे यावरचा उपाय स्वस्त आहे. कोणत्याही मेडिकलमध्ये ‘स्टराइल वॉटर फॉर इंजेक्शन’चे 5 किंवा 10 मिलिलिटरचे अँप्यूल मिळतात. एका क्लायंटला एक अँप्यूल फोडायचा, उरलेलं पाणी त्याच दिवशी टाकून द्यायचं. नीडल खळबळायला जो पाण्याचा कप ठेवता, त्यातही हेच पाणी. आणि ज्या दोन मित्रांवर आधीचं पाणी वापरलंय, त्यांना सांगून ठेवा : ग्रेच्या भागात बारीक लाल पुटकुळ्या आल्या आणि आठवडाभरात गेल्या नाहीत, तर त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा आणि टॅटूला कोणतं पाणी वापरलं होतं तेही सांगा. ही गोष्ट लपवलीत तर डॉक्टर नेहमीची मलमं देत राहतील आणि त्या जंतूवर त्यांचा उपयोग होणार नाही.

आता शेडिंग. तुम्ही तीन तक्रारी लिहिल्या आहेत, पट्टे, चकचकीत डाग आणि गायब झालेला फिका ग्रे. तिन्हींचं मूळ हात आणि मशीन यांच्या वेगाचं गणित न जमण्यात आहे. नवशिक्याला वाटतं की मऊ ग्रे कपातून येतो, म्हणजे वॉश नीट पातळ केला की झालं. वॉशचा वाटा आहेच, पण मऊपणा येतो तो एकसारख्या कमी खोलीवर, एकसारख्या अंतरावर पडणाऱ्या टिंबांतून. सुई रंग फासत नाही, ती टिंबं टोचते. दोन टिंबांमधलं अंतर डोळ्याला दिसेनासं झालं की त्याला आपण ग्रे म्हणतो.

हिशोब करून बघा. तुमचं मशीन सेकंदाला 90 वेळा टोचतंय असं धरू. हात सेकंदाला 3 सेंटिमीटर सरकला, तर प्रत्येक सुईची एका मिलिमीटरमध्ये 3 टिंबं पडतात. हात 9 सेंटिमीटर सरकला तर एकच, आणि मग टिंबं सुटी सुटी, दाणेदार दिसतात. ते मुद्दाम केलं तर पेपर (मिरपूड) शेडिंग होतं, नकळत झालं तर डाग. हात 1 सेंटिमीटरवर आला तर एका मिलिमीटरमध्ये 9 टिंबं, आणि मॅगमधल्या साऱ्या सुयांचं मिळून कातडीचं भरीत. व्होल्ट, म्हणजे मशीनचा वेग, वाढवून हात तोच ठेवला तरीही हेच होतं. म्हणून एका बैठकीत एकच बदल करायचा. मशीनवर हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला ठोके, दिसत असेल तर 80 ते 100 च्या मध्ये एक आकडा ठरवा आणि महिनाभर त्याला हात लावू नका, फक्त हाताचा वेग शोधा. व्होल्टचा आकडा मशीनगणिक वेगळा असतो, त्यामुळे दुसऱ्याचे व्होल्ट उचलण्यात अर्थ नाही.

पट्टे दोन जागी तयार होतात : मॅग कातडीवर टेकतो तिथे आणि उचलला जातो तिथे. तुम्ही बहुधा आधी नीडल टेकवता आणि मग हात चालवता. टेकवल्यापासून हात चालू लागेपर्यंतच्या त्या क्षणात एकाच जागी दहा-वीस ठोके बसतात. रांगोळीची चिमूट सोडताना हात थांबला की ठिपका पडतो, रेघ येत नाही, तसंच हे. हात हवेतच चालू झाला पाहिजे, चालता चालता कातडीवर उतरला पाहिजे आणि चालता चालताच उठला पाहिजे. मशीन बंद ठेवून, कार्ट्रिज (सुयांचा बदलता भाग) न लावता, फक्त ग्रिप हातात धरून कागदावर ही हालचाल रोज दहा मिनिटं करा. मनगट कडक नको, हालचाल कोपरातून आणि करंगळीच्या टेकूवरून यावी.

दुसरं म्हणजे, तुमचे सगळे फटकारे एकाच रेषेवर संपत असणार. दहा फटकारे एकाच ठिकाणी उचलले की तिथे कड तयार होते आणि बघणाऱ्याला पट्टा दिसतो. एक फटकारा लांब, दुसरा आखूड, तिसरा मधला, अशी टोकं मागेपुढे ठेवा. पुढची ओळ आधीच्या ओळीच्या आत, साधारण एक तृतीयांश, शिरली पाहिजे.

छोट्या लंबगोलांची पद्धत याहून सोपी आहे आणि सुरुवातीला मी तीच सुचवेन. 5 ते 8 मिलिमीटरचे लंबगोल, प्रत्येक नवा लंबगोल आधीच्याचा अर्धा भाग झाकणारा, हात न थांबता. यात टेकण्याच्या आणि उठण्याच्या जागा सगळीकडे विखुरल्या जातात, त्यामुळे कड तयारच होत नाही. फिक्याकडे जाताना लंबगोल मोठे आणि सैल करत न्या, अगदी शेवटी मशीनचं वजन हातावर घेत हलके होत जा. फटकाऱ्यांची पद्धत दाढी, केस, कापडाच्या चुण्या, अशा दिशा असलेल्या भागासाठी राखून ठेवा. गाल, कपाळ, आकाश, ढग यांना लंबगोल.

नीडलबद्दल. 7 चा मॅग तळहाताएवढ्या भागाला फार लहान पडतो. अरुंद नीडल म्हणजे जास्त ओळी, जास्त ओळी म्हणजे जास्त सांधे, आणि पट्टे दिसतात ते सांध्यांवरच. लहान नीडल सुरक्षित आणि मोठी धोक्याची, असा नवशिक्यांचा समज असतो. शेडिंगमध्ये तो उलटा पडतो, कारण मोठ्या मॅगमध्ये तोच दाब जास्त सुयांत वाटला जातो. 11 किंवा 13 चा कर्व्ह मॅग घ्या. साध्या मॅगचे दोन कोपरे सरळ असतात, हात जरा तिरका झाला की एक कोपरा कातडीत चिरत जातो. कर्व्ह मॅगच्या कडेच्या सुया किंचित मागे असतात, म्हणून चूक पोटात घालतात. पाकिटावर 1013 लिहिलेलं असेल तर 10 म्हणजे 0.30 मिलिमीटर जाडीच्या सुया आणि 13 म्हणजे त्यांची संख्या. पुढची अक्षरं, सीएम, आरएम वगैरे, कंपनीगणिक बदलतात. 12 नंबर 0.35 मिलिमीटरचा असतो, तो शाई जास्त सोडतो आणि काळा भरायला बरा. 08, म्हणजे 0.25 चा, फार मऊ काम देतो, पण त्याला हात हलका लागतो. वर्षभर तरी त्याच्या मागे लागू नका. कार्ट्रिजला आतून पडदा आहे ना, म्हणजे शाई आणि रक्त उलटं मशीनमध्ये जात नाही ना, एवढं मात्र बघून घ्या.

मशीन बदलू नका. 4 मिलिमीटरचा स्ट्रोक लायनिंगला जास्त सोयीचा आणि शेडिंगला थोडा कडक, हे खरं. 3 ते 3.5 चा स्ट्रोक मऊ पडतो. पण तुमची अडचण 4 च्या स्ट्रोकवर सुटण्यासारखी आहे : वेग थोडा कमी ठेवा, मशीनचं वजन हातावर घ्या. पैसे खर्च करायचेच असतील तर चांगल्या कार्ट्रिजवर आणि अस्सल शाईवर करा. नावाजलेल्या काळ्या शाईच्या नकली बाटल्या ऑनलाइन सर्रास मिळतात. अर्ध्या किमतीत दिसली की सोडून द्या.

खोलीचं बघू. वरची कातडी, एपिडर्मिस, शरीराच्या बऱ्याच भागांवर कागदासारखी पातळ असते, 0.1 मिलिमीटरच्या आसपास. ती महिनाभरात झडून नवी होते. तुमचा फिका ग्रे तिथेच राहिला आणि खपलीबरोबर निघून गेला. शाई खालच्या थरात, डर्मिसमध्ये, 1 ते 1.5 मिलिमीटरवर पोचली की तिथल्या पेशी तिला गिळून धरून ठेवतात. याच्या फार खाली गेलात तर शाई चरबीत पसरते आणि निळसर धुकं दिसतं, तो ब्लोआउट. नवशिक्याच्या हातून एक गोष्ट हमखास होते : काळं भरताना हात खोल आणि फिका ग्रे देताना इतका हलका की सुई टेकतच नाही. फिका ग्रे म्हणजे पातळ शाई, उथळ टोचणं नव्हे. तीन वॉश, खोली एकच. शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला, जिथे ग्रे कातडीत विरून जातो, तिथेच फक्त हात उचलत जायचं.

पूर्ण बाहेर आल्यावर नीडल ट्यूबच्या, म्हणजे कार्ट्रिजच्या तोंडाच्या, 2 ते 2.5 मिलिमीटर पुढे दिसेल असं ठेवा आणि काम सुईचं टोक बघून करा, ट्यूबचं तोंड कातडीवर घासत नको. ग्रिप कातडीशी साधारण 45 ते 60 अंशांत, झुकाव ज्या दिशेला त्याच दिशेत मागे-पुढे. मॅग आडवा ओढू नका.

ताण नसेल तर यातलं काहीच चालत नाही. सैल कातडी सुईबरोबर वर-खाली होते, सुई उसळते आणि शाई ठिकठिकाणी अर्धीच जाते. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी दोन बाजूंना, आणि मशीन धरलेल्या हाताची कड तिसऱ्या बाजूला, असा तीन दिशांनी ताण द्या. दंडाच्या आतल्या बाजूला हे फार लागतं. व्हॅसलिन जेमतेम लावा. ग्लोव्ह घसरत असेल तर ताणाच्या बोटांखाली कोरडा टिश्यू धरा.

तो चकचकीत, उंच झालेला डाग म्हणजे जास्त काम झालेली जागा, बहुधा व्रण. तिथे सध्या काही करायचं नाही. तीन-चार महिने थांबा, उंचवटा किती बसतो ते बघा. वाढत असेल, खाजत असेल तर केलॉइडची, म्हणजे वाढत जाणाऱ्या व्रणाची, शंका धरून डॉक्टरांकडे पाठवा. यापुढचा नियम पक्का करा : एका बैठकीत त्याच कातडीवर दोनदा, फार तर तीनदा. गोऱ्या कातडीवर लाली बघून थांबा असं व्हिडिओंत सांगतात. गव्हाळ आणि सावळ्या कातडीवर लाली नीट दिसतच नाही, म्हणून तिच्यावर विसंबू नका. ग्लोव्ह घातलेलं बोट फिरवून बघा : जागा गरम आणि फुगलेली लागते का, पृष्ठभाग ओला चमकतोय का, रक्ताचे बारीक ठिपके जाऊन ओघळ यायला लागलाय का. यातलं एकही दिसलं की ती जागा त्या दिवसापुरती संपली. पट्टा राहिला असेल तर राहू द्या. सहा आठवड्यांनी, कातडी पूर्ण बसल्यावर, तोच पट्टा दहा मिनिटांच्या टच-अपमध्ये जातो. त्याच दिवशी घालवायला गेलात तर व्रण मिळतो. आणि ताज्या टॅटूत दिसणाऱ्या निम्म्या पट्ट्यांचं कारण पृष्ठभागावर राहिलेली शाई आणि सूज हेच असतं, ते हील झाल्यावर उरतच नाहीत.

पुसण्याकडेही लक्ष द्या. चोळू नका, टिपा. चोळल्याने कातडी उगाच चिडते. काळ्यावरून फिक्याकडे पुसलंत तर उघड्या कातडीत काळे कण शिरतात आणि हायलाइट, म्हणजे उजळ सोडलेली जागा, मळतो, म्हणून पुसायची दिशा नेहमी फिक्याकडून काळ्याकडे. उजव्या हाताने काम करत असाल तर स्टेन्सिलच्या (कातडीवर उमटवलेल्या आराखड्याच्या) खालच्या उजव्या कोपऱ्यातून सुरुवात करा, नाहीतर पुढची रेषा तुमचाच हात पुसून टाकेल. काळ्यापासून सुरुवात केलेली बरी. सगळ्यात गडद जागा आधी ठरली की ग्रे किती गडद न्यायचा याचं माप डोळ्यासमोर राहतं.

वॉशची कृती. मोठ्या इंक कॅप घ्या, प्रत्येकीत एकूण 16 थेंब :

गडद : 8 थेंब शाई, 8 थेंब पाणी.
मधला : 4 थेंब शाई, 12 थेंब पाणी.
फिका : 2 थेंब शाई, 14 थेंब पाणी.

चौथ्या कॅपमध्ये नुसती काळी. शाईच्या बाटलीचा थेंब आणि सिरिंजचा थेंब सारखे नसतात, म्हणून शाई आणि पाणी दोन्हीसाठी एकाच मापाच्या दोन नव्या सिरिंज वापरा, सुई न लावता. काळ्या शाईतले कार्बनचे कण तळाशी बसतात, तेव्हा बाटली चांगली हलवून घ्या आणि कॅपमध्ये दर वेळी नीडल बुडवताना मशीन सुरू ठेवा. पंख्याखाली दोन तासांत कॅपमधलं पाणी उडतं आणि तुमचा मधला वॉश नकळत गडद होतो, हे फार जणांच्या लक्षात येत नाही. दोन तासांनी नवे कॅप करा. गडदमधून फिक्यात जाताना नीडल पाण्यात चालवून टिश्यूवर टिपा, टिश्यूवर डाग येईनासा झाला की मगच फिक्यात बुडवा. वॉश एकमेकांत मिसळतात ते कातडीवर : गडद जिथे विरतो त्याच्या आतून मधला सुरू करा आणि मधल्याच्या आतून फिका.

परदेशी शिक्षक याहून पातळ, 1 थेंब शाईला 15 थेंब पाणी, असा चौथा वॉश सांगतात. आपल्याकडच्या बहुतेक कातडीवर तो हील झाल्यावर दिसत नाही. कातडीचा स्वतःचा रंग, मेलॅनिन, एपिडर्मिसमध्ये असतो आणि शाई त्याच्या खाली, म्हणजे तुमचा ग्रे कायम त्या तपकिरी थरातून दिसणार. फिक्या छटा आधी गिळल्या जातात. म्हणून सावळ्या कातडीवर छटा कमी आणि त्यांच्यातलं अंतर जास्त ठेवा : खरं काळं, दोन ग्रे आणि भरपूर कोरी कातडी. कोरी कातडी हाच तुमचा सगळ्यात उजळ रंग. पांढऱ्या शाईवर हायलाइट सोडू नका, ती काही महिन्यांत पिवळट पडते किंवा दिसेनाशी होते.

यावरून कोणी म्हणेल की ब्लॅक अँड ग्रे आपल्या कातडीचं कामच नाही. हे साफ चूक आहे. ही शैली मोठी झाली ती लॉस एंजेलिसच्या पूर्व भागातल्या मेक्सिकन-अमेरिकन वस्तीत, आणि त्याआधी तिथल्या कैद्यांमध्ये, जिथे कॅसेट प्लेअरची मोटर, गिटारच्या तारेची सुई आणि एकच काळा रंग एवढंच हाती होतं. 1975 मध्ये चार्ली कार्टराइट आणि जॅक रूडी यांनी तिथे ‘गुड टाइम चार्लीज टॅटूलँड’ सुरू केलं, पुढे फ्रेडी नेग्रेटे त्यांच्यात आले, आणि एका सुईचं ते काम दुकानात आलं. म्हणजे ब्लॅक अँड ग्रे पहिल्यापासून गव्हाळ, तपकिरी कातडीवर घडलेलं आहे. तुम्ही नमुने बघाल तेव्हा ती कामं बघा, आणि हील झालेलीच बघा. ताज्या टॅटूचा फोटो शिकायला कामाचा नाही.

आता सराव. प्रॅक्टिस स्किनवर छान आणि माणसावर खराब, हे का? सिलिकॉन सुजत नाही, हलत नाही, श्वास घेत नाही. वरून सांडलेली शाई त्याच्या पृष्ठभागावर पसरते आणि टिंबांमधली अंतरं झाकते, त्यामुळे तुम्हाला गुळगुळीत भासतं. काम झालं की व्हॅसलिन चोळून, मग साबणाने पुसून काढा आणि मगच बघा. त्याहून खरी परीक्षा म्हणजे ब्लेडने तो तुकडा ग्रेच्या मधोमध आडवा कापा आणि कापलेली कड उजेडात, मोबाइलचा कॅमेरा जवळ नेऊन बघा. काळी टिंबं कडेत उतरलेली दिसतील. ती सगळी एका खोलीवर असतील तर हात तयार होतोय. काही वरच अडकलेली आणि काही तळाला टेकलेली दिसली, तर पट्ट्यांचं आणि व्रणाचं कारण समोर आहे. पट्टी लावून मोजा, 1 ते 1.5 मिलिमीटर.

क्रम असा ठेवा. आधी कागदावर पेन्सिलने, 2 सेंटिमीटरचे पाच चौकोन, काळ्यापासून कोऱ्यापर्यंत. एचबी, 2बी, 6बी पुरतात. कागदावर ज्याला पाच छटा वेगळ्या काढता येत नाहीत, त्याला कातडीवर येणार नाहीत. मग तेच चौकोन सिलिकॉनवर. मग 2 बाय 8 सेंटिमीटरची पट्टी, एका टोकाला काळी, दुसऱ्या टोकाला कोरी, मधे कुठेही कड नको. ही पट्टी रोज एक. ती दोन मीटरवरून मोबाइलवर ब्लॅक अँड व्हाइट फोटो काढून बघा, पट्टे लगेच उठून दिसतात. मग 4 सेंटिमीटरचा गोळा, मग कापडाची चुणी. सिलिकॉन सपाट टेबलावर न ठेवता बाटलीला किंवा मांडीला गुंडाळा, कारण दंड काही सपाट नसतो. केळं, भोपळा वगैरेंवर वेळ घालवू नका. त्यांच्यावर सुईची ओळख होते, शेडिंग शिकता येत नाही. पट्टी साधली की तुमचे शिक्षक शेजारी असताना तीच पट्टी स्वतःच्या मांडीवर करा आणि सहा आठवड्यांनी मोजा : कुठे टिकली, कुठे गेली. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात ती दुधाळ, निस्तेज दिसेल. नव्या कातडीमुळे तसं होतं, घाबरून टच-अप करू नका. हेपटायटिस बीची लस अजून घेतली नसेल तर या काळात घेऊन टाका, तीन डोस असतात, सहा महिन्यांत पूर्ण होतात.

हील होतानाचं थोडक्यात. क्लायंटला सांगा : सौम्य, बिनवासाच्या साबणाने दिवसातून दोनदा धुवा, कोरडं टिपा, मॉइश्चरायझरचा अगदी पातळ हात. हळद नाही, खोबरेल थापणं नाही, खपली काढणं नाही. दोन-तीन आठवडे नदी, विहीर, स्विमिंग पूल बंद. हील झाल्यावर उन्हात सनस्क्रीन, कारण ऊन सगळ्यात आधी फिका ग्रे खातं.

राहिलं पोर्ट्रेट. घेऊ नका. चेहऱ्यावर एक पट्टा म्हणजे गालावर व्रण, डोळ्याखालची छटा अर्धा सेंटिमीटर खाली आली तर चेहराच बदलतो. आणि हा चेहरा तर प्रत्येकाला पाठ आहे. मित्र रोज आरशात बघणार, लोक थांबवून बघणार. महाराजांची मूर्ती अंगावर घेताना माणूस श्रद्धेने घेतो, तिथे सराव करायचा नसतो. शिवाय जिरेटोपावरचा मोत्यांचा तुरा, कानातले, दाढीची कड, हे सगळं बारीक असतं. वर्षं जातात तशी शाई पसरते आणि जवळजवळचे मोती एकमेकांत मिसळतात. पुढे कधी कराल तेव्हाही चेहरा निदान 9-10 सेंटिमीटरचा आणि डोळा 1 सेंटिमीटर रुंद असल्याशिवाय करू नका.

मित्राला दुसरं काही द्या, ज्यात तुमचा अभ्यासही होईल आणि त्याच्या मनातलंही येईल : रायगड किंवा राजगड, मागे सह्याद्रीच्या रांगा. दंडावर 10 ते 12 सेंटिमीटर रुंद. पुढचा गड पूर्ण काळा, त्याची वरची कड तीक्ष्ण, बुरूज आणि तटाची रेषा लायनरने, ते तुम्हाला येतं. त्याच्यामागची पहिली रांग गडद वॉशमध्ये, दुसरी मधल्या, तिसरी फिक्या. प्रत्येक रांग डोंगरमाथ्याला गडद आणि खाली दरीकडे विरत गेलेली, म्हणजे सह्याद्रीत पावसाळ्यात दिसतं तसं धुकं तयार होतं. ही तुमची 2 बाय 8 ची पट्टीच आहे, तीन वेळा. आकाश कोरं. कातडी सावळी असेल तर तिसरी रांग गाळा, दोन रांगा आणि मोठं आकाश चांगलं दिसतं. जिथे धुकं आहे तिथे छोटा पट्टा खपून जातो, चेहऱ्यावर तो खपत नाही.

डिसेंबर संपायच्या आत बैठक घ्या, म्हणजे सहा आठवडे हील व्हायला मिळतात आणि 19 फेब्रुवारीच्या आधी एक टच-अप बसतो. एका बैठकीत जमत नसेल तर गड आणि पहिली रांग एकदा, बाकीच्या रांगा महिन्याने. स्टेन्सिल काढताना मागच्या रांगांना बाह्यरेषा देऊ नका, अगदी बारीकही नाही. लायनरने ओढलेली ती रेषा शेडिंगहून जास्त टिकते आणि काही वर्षांनी धुकं फिकं पडून रेषा तेवढी उरते. स्टेन्सिलवर रांगांची कड तुटक टिंबांनी दाखवा आणि तिथला काठ मॅगच्या टोकानेच तयार करा.